इंटरनेटवाली गाडी आणि हॅकर: भीती नेमकी कशाची धरायची?

जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, आता आतच सिम असलेली, मोबाइलवरून चालू होणारी एसयूव्ही घेऊ. सरांना मात्र कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला, त्यात हायवेवर धावणारी गाडी लांब कुठंतरी बसलेल्या हॅकरनं बंद पाडलेली दाखवली आहे. ते विचारतात: टेंभुर्णीच्या पुढं शंभरच्या स्पीडनं जाताना कुणी घरबसल्या आपला ब्रेक काढून घेऊ शकतो का? त्यापेक्षा जुनी साधी गाडी बरी का? आणि धाकट्या भावाच्या मालट्रकला फायनान्सवाल्यांनी जीपीएस बसवला आहे, त्याचं काय?

सर, मी अक्कलकोट रोडला ऑटो इलेक्ट्रिकचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरचं काम करतो. गाडीच्या वायरिंगमध्येच माझी वर्षं गेली. उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. गाडी खुशाल घ्या. ट्रक मात्र आधी तपासून घ्या. ज्यानं तुमची झोप उडाली आहे तो धोका खरा आहे, पण तुमच्यापर्यंत पोचायची शक्यता फार कमी. ज्याकडं तुम्ही जाता जाता बोट दाखवलंत, तो ट्रकमधला जीपीएस, त्याची मला जास्त काळजी वाटते.

व्हिडिओतली घटना बहुतेक २०१५ ची अमेरिकेतली. चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी जीप चेरोकी गाडी मोबाइल नेटवर्कवरून ताब्यात घेऊन दाखवली. गाडी सेंट लुईस शहराजवळच्या हायवेवर होती, आत एक पत्रकार बसला होता आणि हे दोघं घरी लॅपटॉपवर. आधी एसी सुरू झाला, मग रेडिओ, मग वायपर, आणि शेवटी अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी पळेना. मागून मोठे ट्रक येत होते. नंतर मोकळ्या जागेत, कमी वेगात, त्यांनी ब्रेकही निकामी करून दाखवला आणि गाडी खड्ड्यात गेली. स्टिअरिंग मात्र त्यांना फक्त रिव्हर्समध्ये, हळू वेगात फिरवता आलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि मालकांना दुरुस्तीचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमध्ये घालून पोस्टानं पाठवलं गेलं.

पण व्हिडिओत जे दिसत नाही ते ऐका. हे दोघं या विषयातले जगातले नावाजलेले जाणकार, आणि त्यांनी दीर्घकाळ त्याच एका मॉडेलच्या मागं लागून हे साधलं. त्यांच्या हाती लागलेली फट साधी होती: गाडीतला टचस्क्रीनवाला सेट मोबाइल नेटवर्कवर उघडा पडला होता. नेटवर्क कंपनीनं ती वाट बंद केली आणि बाहेरून आत शिरणं थांबलं. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या कीन लॅबनं टेस्लाच्या मॉडेल एस गाडीचा ब्रेक १२ मैलांवरून लावून दाखवला. टेस्लानं दहा दिवसांत सगळ्या गाड्यांना हवेतूनच, म्हणजे इंटरनेटवरून, दुरुस्ती पाठवली. एका घटनेत पेनड्राइव्ह पोस्टानं आले, दुसरीत गाडी उभ्या जागी दुरुस्त झाली. हा फरक लक्षात ठेवा, गाडी निवडताना तो कामाला येणार आहे.

आता हे घडतंच कसं? गाडीत इंजिनचा वेगळा कॉम्प्युटर असतो, ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा वेगळा, एअरबॅगचा, मीटरचा वेगळा. हे सगळे दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात, बॉश कंपनीनं ती १९८६ मध्ये मांडली. त्या काळी गाडीला बाहेरून कुणी जोडला जाईल ही कल्पनाच नव्हती, म्हणून संदेश कुणी पाठवला याची खात्री करायची सोय तिच्यात मुळातच नाही. एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखं आहे ते: आवाज सगळ्या फलाटांवर पोचतो, माइक कुणाच्या हातात आहे हे कुणालाच दिसत नाही. जीपमध्ये टचस्क्रीनच्या मागची एक चिप या वायरींना जोडलेली होती. त्या चिपचं सॉफ्टवेअर बदललं की माइक हातात आला.

म्हणून नव्या चांगल्या गाड्यांत मध्ये एक गेटवे बसवतात. टचस्क्रीन, ब्लूटूथ, इंटरनेट एका बाजूला. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला. कुठला संदेश पलीकडं सोडायचा ते गेटवे ठरवतो. काही कंपन्यांच्या गाड्यांना आता स्कॅनर लावला तर कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन केल्याशिवाय कामच होत नाही. आमच्यासारख्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांचा त्यात वेळ जातो, पैसे जातात, आणि माझे अनेक व्यवसायबंधू त्यावर नाराज आहेत. मला ते कुलूप योग्य वाटतं. मी आत शिरू शकतो तसा दुसराही शिरू शकतो.

ब्रेकबद्दल तुमच्या मनात जी भीती आहे तिच्यासाठी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत ब्रेक पॅडल ते चाक हा मार्ग ऑइलच्या दाबाचा आहे, आणि स्टिअरिंगचा रॉड लोखंडी आहे. इलेक्ट्रॉनिक्स त्यात मदत करतं, काही वेळा ढवळाढवळही करू शकतं, पण इंजिन बंद पडलं म्हणून पॅडल आणि स्टिअरिंग नाहीसं होत नाही, जड होतं. कारण काहीही असो, गाडी चालता चालता विचित्र वागली तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरा, ब्रेक पूर्ण जोर लावून एकदाच दाबा आणि दाबून ठेवा. पुन्हा पुन्हा सोडून मारू नका, कारण पॅडलला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम तेवढ्यात संपतो. गिअर न्यूट्रलला, हॅझर्ड लाइट चालू, आणि डावीकडं. चावीची गाडी असेल तर चालत्या गाडीत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

आता खऱ्या विषयाकडं येतो. गेल्या काही वर्षांत इंटरनेटवाल्या गाड्यांमध्ये जे मोठे दोष उघड झाले, त्यातले बरेच गाडीच्या आत नव्हते. ते कंपनीच्या वेबसाइटमध्ये, अ‍ॅपमध्ये, खात्यांच्या व्यवस्थेत होते. २०१६ मध्ये निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीचं अ‍ॅप फक्त चासी नंबरवर उघडत होतं. तो नंबर काचेतून दिसतो. कुणीही परक्याच्या गाडीचा एसी चालू करू शकत होता, ती कधी कुठल्या फेऱ्या मारते ते पाहू शकत होता. कंपनीनं ते अ‍ॅपच तात्पुरतं बंद केलं. २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की अमेरिकेतल्या किआ गाड्यांचा ताबा नुसत्या नंबरप्लेटवरून मिळतो: दार उघडणं, गाडी सुरू करणं, ठिकाण पाहणं. जाहीर करण्याआधी त्यांनी कंपनीला कळवलं आणि दोष दुरुस्त झाला. जानेवारी २०२५ मध्ये सुबारूचं प्रकरण बाहेर आलं, त्यात कर्मचाऱ्यांसाठीच्या पोर्टलमधून गाडीचा वर्षभराचा प्रवास दिसत होता. गाडी सकाळी कुठून निघाली, दुपारी कुठल्या दवाखान्यासमोर उभी राहिली, रात्री कुठं थांबली, सगळं.

यात कुणाचा ब्रेक गेला नाही. पण घर रिकामं कधी असतं, मुलगी क्लासला कोणत्या वाटेनं जाते, हे कळणं कमी आहे का? मला ते जास्त गंभीर वाटतं, कारण त्याला लॅपटॉपवाला तज्ज्ञ लागत नाही. तुमच्या खात्याचा पासवर्ड किंवा मोबाइल हाती आला की पुरे.

आणि मोबाइल हाती लागणं आपल्याकडं किती सोपं झालंय ते तुम्ही ऐकून असालच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल येते. दंड किती ते बघायला माणूस ती उघडतो, फोनमध्ये एक अ‍ॅप बसतं आणि फोनवर येणारे सगळे ओटीपी तिसऱ्याला दिसायला लागतात. लोक बँकेच्या पैशांसाठी घाबरतात, ते बरोबरच आहे, पण गाडीचं अ‍ॅप त्याच फोनमध्ये आणि त्याच ओटीपीवर चालतं. चलान बघायचं तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन बघा. एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, कुणाचीही, अगदी सख्ख्या भावाच्या नंबरवरून आली तरी उघडू नका. उघडली गेलीच तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

जुनी गाडी बरी का, या प्रश्नाला इथंच एक पोटप्रश्न जोडतो, कारण पुष्कळ जण मधला मार्ग म्हणून सेकंडहँड कनेक्टेड गाडी घेतात. विजापूर रोडच्या एका गिऱ्हाईकानं पुण्याहून अशीच ऑटोमॅटिक एसयूव्ही आणली. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, दारात उभी असलेली गाडी आपोआप सुरू व्हायची, एसी पूर्ण जोरात, आणि काही मिनिटांनी बंद. घरात कुणी चावीला हात लावलेला नसायचा. आई म्हणाली, गाडी परत करा. स्कॅनरवर एकही दोष निघेना. मी टचस्क्रीनवरचं खातं उघडलं, तर तिथं अजून पुण्याच्या जुन्या मालकाचं नाव. त्यांना फोन लावला. त्यांनी त्याच कंपनीची नवी गाडी घेतली होती, अ‍ॅपमध्ये दोन्ही गाड्या दिसत होत्या, आणि ऑफिसातून निघताना एसी लावायला ते चुकीच्या गाडीवर बोट ठेवत होते. बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता. माणूस सज्जन होता म्हणून एवढ्यावर भागलं. तो तसा नसता तर गाडीचं ठिकाण पाहून, दार उघडून काय काय करता आलं असतं! शिवाय बंद शटरच्या पार्किंगमध्ये इंजिन असं आपोआप सुरू राहिलं तर आत साठणारा धूर जीव घेऊ शकतो.

तेव्हा जुनी गाडी घेताना आरसी नावावर झाली म्हणजे गाडी तुमची झाली असं समजू नका. टचस्क्रीन फॅक्टरी रीसेट करून घ्या आणि कंपनीच्या कस्टमर केअरला आरसी पाठवून जुनं खातं काढायला लावा. नुसत्या रीसेटवर समाधान मानू नका, कारण खरी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. विकणाऱ्यानंही तसंच करावं. तुमचं घर, तुमचे फोन नंबर त्या स्क्रीनमध्ये साठलेले असतात.

आता ट्रक.

सर, तुमच्या भावाच्या ट्रकमध्ये जे बसवलंय ते बहुधा असं असणार: डॅशबोर्डच्या आत बोटभर लांबीची काळी पेटी, तिच्यात एक साधं सिम, आणि तिच्यातून निघून एका रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, गेलेली वायर. तो रिले डिझेलच्या किंवा इग्निशनच्या लाइनमध्ये, मूळ वायर कापून मध्ये बसवलेला. हप्ता थकला की ऑफिसातून बटण दाबायचं आणि गाडी बंद. चोरी झाली तरी तेच. कल्पना वाईट नाही, पण बसवलेलं कसं असतं ते मी रोज बघतो. कंपनीची वायर कटरनं तोडलेली, टोकं हातानं पिळलेली, ना सोल्डर ना कपलर, वरून काळी टेप. सोलापूरचा उन्हाळा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, बोनेटजवळ त्याहून जास्त. टेपचा गोंद पातळ होऊन ती सरकते, पीळ सैल पडतो, आणि तुळजापूरचा घाट चढताना भरलेला ट्रक अचानक मान टाकतो. याला हॅकर लागत नाही.

आणि हॅकर लागला तरी तो फार हुशार असावा लागत नाही. २०१९ मध्ये एका हॅकरनं आयट्रॅक आणि प्रोट्रॅक या दोन जीपीएस अ‍ॅपची हजारो खाती उघडली. युक्ती काय, तर कंपनीनं सगळ्यांना दिलेला सुरुवातीचा पासवर्ड १२३४५६ होता आणि लोकांनी तो बदललाच नव्हता. त्याला ज्या देशांतली वाहनं दिसत होती त्यांत भारतही होता. त्यातल्या काही गाड्यांची इंजिनं तो बंद करू शकत होता. गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालत असतानाच ते होत होतं, एवढं नशीब. मग जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं मायकोडस एमव्ही७२० या चिनी ट्रॅकरबद्दल इशारा दिला. बिटसाइट कंपनीच्या संशोधकांना त्यात सहा दोष सापडले होते. एक तर असा, की सगळ्या पेट्यांना चालणारा एकच मास्टर पासवर्ड आतच लिहून ठेवलेला. ही पेटी डिझेल तोडू शकते. मायकोडसचे ट्रॅकर १६९ देशांत मिळून सुमारे १५ लाख वाहनांत असल्याचं त्यांनी सांगितलं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात एका गाडीविक्रेत्यानं हप्त्यावर दिलेल्या गाड्यांना अशीच बंद पाडायची यंत्रं बसवली होती. कामावरून काढलेल्या एका माणसानं जुन्या सहकाऱ्याच्या लॉगिननं आत जाऊन शंभरावर गाड्या बंद पाडल्या आणि कित्येकांचे हॉर्न रात्री-अपरात्री वाजवले. लोक कामावर जायला निघाले तर गाडी सुरू होईना. त्यानं कुठलाही कोड फोडला नव्हता, त्याला एक पासवर्ड माहीत होता. आपल्याकडं वसुलीच्या ऑफिसात एकच लॉगिन किती जण वापरतात, नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन कोण बंद करतं? साखर कारखान्यांच्या हंगामात उसानं भरलेल्या वाहनांची रांग रस्त्यावर असते. त्यातली एक जरी भलत्या जागी बंद पडली तर मागचा रात्रीच्या अंधारात तिच्यावर आदळणार.

म्हणून भावाला सांगा, पेटी कुठल्या कंपनीची, सिम कुणाच्या नावावर, पासवर्ड कुणाकडं आणि रिले आहे की नाही, हे फायनान्सवाल्यांकडून लेखी घ्या. पेटी स्वतःहून उपटू नका. कर्ज असेपर्यंत करारात ती अट असू शकते आणि उगाच वाद ओढवेल. पण रिलेचा जोड सोल्डर करून, हीट-श्रिंक नळी चढवून, फ्यूज घालून पक्का करणं यात कुणाची हरकत असायचं कारण नाही. पासवर्ड बदलून घ्या. गाडी थांबल्यावरच इंजिन बंद करायची सेटिंग पेटीत असेल तर ती लावून घ्या, आणि ती नसेल तर पेटी बदलून मागा. नवी घ्यायची वेळ आली तर प्रवासी बस-टॅक्सीसाठी जे एआयएस-१४० मानक आहे ते पास केलेली पेटी घ्या; तिची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत झालेली असते. ऑनलाइन सातआठशे रुपयांत मिळणाऱ्या निनावी पेटीची झालेली नसते.

हेच स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे आम्ही स्कॅनर जोडतो त्या जागी, खोचायच्या छोट्या डोंगलला लागू आहे. मायलेज मोबाइलवर दिसतो म्हणून पोरं ते लावून तसंच सोडतात. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी विमा कंपनीच्या अशाच एका डोंगलला एसएमएस पाठवून कॉर्व्हेट गाडीचे ब्रेक हलवून दाखवले होते. काम झालं की काढून ठेवा.

चोरीबद्दल थोडक्यात. बटण स्टार्ट गाडीची चावी दाराजवळच्या खुंटीला लावू नका. बाहेर उभा राहिलेला चोर तिचा सिग्नल वाढवून गाडीपर्यंत नेऊ शकतो. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा गाडीजवळ नेऊन दार उघडतं का बघा. उघडलं तर डबा बदला. बाकी स्टिअरिंगला आडवा लोखंडी लॉक लावा. सॉफ्टवेअरनं तो निघत नाही.

आणखी एक, कारण दर पंधरवड्याला कुणीतरी 'गाडी हॅक झाली' म्हणून येतो. मीटरवर सगळे दिवे एकदम लागले, काचा आपोआप खाली गेल्या, हॉर्न वाजत राहिला, की आधी बॅटरी तपासा. आपल्या उन्हात बॅटरी लवकर बसते, व्होल्टेज पडलं की सगळे कॉम्प्युटर एकदम तक्रारी करतात. त्यानंतर उंदीर. मार्केटयार्डाच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कुरतडलेलं मी नेहमी बघतो. आजवर माझ्याकडं आलेल्या अशा गाड्यांत कारण बॅटरी, उंदीर, पाणी गेलेला कपलर किंवा बाहेरून बसवलेला वाजंत्रीचा सेट हेच निघालं.

तुमच्या नव्या गाडीकडं येऊ. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला सायबर सुरक्षेचा आर१५५ हा नियम लागू आहे. तो इतका कडक, की पोर्शनं मकान नावाची पेट्रोल गाडी तिथं विकणं बंद केलं, जुन्या रचनेत ते बसवणं परवडेना म्हणून. आपल्याकडं त्याच धर्तीवर एआयएस-१८९ आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-१९० ही मानकं तयार झाली आहेत. शोरूममध्ये मुलाला विचारायला सांगा: या गाडीला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? हवेतून मिळणार की सर्व्हिसला आणावी लागणार? सबस्क्रिप्शन संपलं तर ते अपडेट थांबतात का? विक्रेता गडबडला तर मॅनेजरला बोलवा, आणि तोही सनरूफच दाखवत राहिला तर दुसरं शोरूम बघा. मी सनरूफपेक्षा या उत्तरावर गाडी निवडेन.

डिलिव्हरीच्या दिवशी खातं सेल्समनच्या फोनवरून उघडू देऊ नका. घाईत ते तसंच करतात. ते तुमच्या किंवा मुलाच्याच नंबरवर उघडा, पासवर्ड दुसरीकडं कुठंही न वापरलेला ठेवा, आणि अ‍ॅपमध्ये पिन मागायची सोय असेल तर चालू करा. अपडेट आलं की टाळू नका, पण पंढरपूरला निघायच्या सकाळीही लावू नका. रात्री, गाडी घरी उभी असताना लावा. आणि भावाला म्हणावं ट्रक एखाद्या रविवारी सकाळी घेऊन ये, दुपारी डॅशबोर्ड तापला की आत हात घालवत नाही.